मऊ पट्टी कडक कशी होते? हाताने चाकू घडवण्यामागचे पोलादाचे शास्त्र

हौसेने चाकू घडवणाऱ्यांच्या चित्रफिती अलीकडे पुष्कळ पाहायला मिळतात. लालभडक पाते तेलात बुडते, भपकन ज्वाळा उठते आणि पुढच्याच दृश्यात तयार चाकू कागद सरसर कापत असतो. मधे काय घडले, हे मात्र बहुतेकांना उमगत नाही. जी पट्टी सकाळी कानशीने सहज घासली जात होती, तीच संध्याकाळी त्याच कानशीला अजिबात दाद देत नाही. तिच्यात बाहेरून काही मिसळलेले नसते, तिचे वजन बदललेले नसते, आकारही जवळजवळ तोच असतो. त्याहून गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, इतक्या खटाटोपाने कडक केलेले पाते लगेच ओव्हनमध्ये ठेवून त्याचा कडकपणा मुद्दाम थोडा उतरवला जातो.

या दोन गोष्टींचा उलगडा झाला, तर पोलाद कोणते घ्यावे, पट्टी किती जाड असावी, भोके आधी पाडावीत की नंतर, असे नवशिक्याला छळणारे प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतात. चाकूची तारीफ त्याच्या आकाराची आणि मुठीच्या लाकडाची होते; पण तो कामाचा आहे की नाही, हे भट्टीजवळच्या काही मिनिटांत ठरते आणि त्याआधीचे व नंतरचे सगळे काम त्या मिनिटांच्या सोयीने आखावे लागते.

पोलाद कोणते घ्यावे?

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन. थोडासा म्हणजे खरोखरच थोडासा. बांधकामात किंवा जाळीच्या कामात वापरल्या जाणाऱ्या साध्या मऊ पट्टीत तो साधारण ०.२ टक्के असतो, तर चाकूच्या साध्या पोलादात ०.६ ते १ टक्क्याच्या दरम्यान. एवढ्याशा फरकामुळे पहिली पट्टी कितीही तापवून विझवली, म्हणजे पाण्यात किंवा तेलात बुडवून झटकन थंड केली, तरी धार टिकण्याइतकी कडक होत नाही आणि दुसरी इतकी कडक होते की फरशीवर पडली तर तिचे तुकडे होऊ शकतात.

साध्या कार्बन पोलादाच्या प्रतींना चार आकडी क्रमांक असतात. त्यांपैकी सुरुवातीचे १० हे आकडे ‘यात कार्बनखेरीज मुद्दाम मिसळलेला महत्त्वाचा धातू नाही’ असे सांगतात आणि शेवटचे दोन आकडे कार्बनचे प्रमाण टक्क्याच्या शतांशांत सांगतात. म्हणजे १०८४ या प्रतीत सुमारे ०.८४ टक्के आणि १०९५ मध्ये सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. पहिल्या चाकूसाठी १०८४ किंवा तिच्या आसपासची १०८०, १०७५ यांपैकी एखादी प्रत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास असला की पोलाद योग्य तापमानाला पोचताच जवळजवळ सगळा कार्बन लोखंडात विरघळतो आणि पाते नेमक्या तापमानाला बराच वेळ धरून ठेवण्याची गरज उरत नाही. १०९५ मध्ये थोडा जास्तीचा कार्बन असतो. त्याला सांभाळण्यासाठी तापमानावर काटेकोर ताबा लागतो आणि तो साध्या भट्टीत मिळत नाही. कागदावर अधिक ‘चांगली’ दिसणारी प्रत नवशिक्याच्या हातात अनेकदा वाईट चाकू देते, ती यामुळेच.

पट्टी विकत घेताना ती ‘अ‍ॅनील्ड’, म्हणजे कारखान्यातच मुद्दाम मऊ केलेली आहे ना, एवढे विचारून घ्यावे. तशी असली तर हॅकसॉ (धातू कापायची करवत) आणि कानस यांच्यावरच सगळे काम भागते.

भंगारातली स्प्रिंग किंवा जुनी कानस का चालू नये?

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. गाडीच्या पाटा-स्प्रिंगा अनेकदा ५१६० या प्रतीच्या असतात आणि त्या पोलादाचा चाकू उत्तम होतो. अडचण ‘अनेकदा’ या शब्दात आहे. हातात आलेली स्प्रिंग नेमकी कोणत्या पोलादाची आहे, हे तिच्याकडे पाहून कळत नाही आणि पोलाद ठाऊक नसेल तर ते कोणत्या तापमानाला विझवावे व नंतर त्याचा कडकपणा किती उतरवावा, हे अंदाजाने ठरवावे लागते. शिवाय वर्षानुवर्षे दणके खाल्लेल्या स्प्रिंगेत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. त्या विझवताना उघड्या पडतात आणि तोवर पात्यावर कित्येक तासांचे घासकाम झालेले असते. काही कानशी तर केवळ वरच्या थरात कडक केलेल्या असतात; आतले लोखंड मऊच असते. ज्याने आठ-दहा चाकू केले आहेत त्याने भंगारावर जरूर प्रयोग करावेत. त्याला चूक कुठे झाली ते ओळखता येते. पहिल्याच चाकूत पोलाद अनोळखी आणि हातही अनोळखी असले, तर बिघाड कशामुळे झाला हे कधीच कळत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेले किंवा क्रोम चढवलेले लोखंड मात्र कोणत्याही परिस्थितीत भट्टीत घालू नये. त्यातून निघणारा धूर विषारी असतो.

जाड पाते म्हणजे मजबूत चाकू का?

रानात वापरायचा चाकू म्हटला की पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी घेण्याचा मोह होतो. त्यामागचा तर्क निम्मा खरा आहे. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की हा विरोध आठपट होतो. गंमत अशी की या विरोधाचा कडकपणाशी काहीही संबंध नाही. मऊ आणि कडक केलेल्या अशा एकाच मापाच्या दोन पट्ट्या हलक्या दाबाखाली सारख्याच लवतात. फरक दाब वाढल्यावर दिसतो. मऊ पट्टी एका मर्यादेनंतर वाकलेलीच राहते. नीट कडक केलेली पट्टी बऱ्याच पुढेपर्यंत परत सरळ होते.

तर्काचा दुसरा निम्मा भाग असा की चाकूचे मुख्य काम कापणे हे आहे. धारेने लाकडात शिरकाव केला की तिच्या मागून येणारी जाडी लाकूड दोन्ही बाजूंना ढकलत जाते. जाड पाते त्यामुळे लाकूड फाडते, कापत नाही, आणि दोरी, कातडे किंवा फळ कापताना तर अडूनच बसते. तीन ते चार मिलिमीटर जाडीची पट्टी, साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद पाते, आणि मुठीच्या टोकापर्यंत अखंड जाणारे पोलाद, एवढ्यात रानातली जवळजवळ सगळी कामे होतात. पात्याच्या या मुठीत जाणाऱ्या भागाला टँग म्हणतात. तो अखंड असला की चाकूच्या सर्वांत कमकुवत जागेचा प्रश्नच मिटतो.

पाठीकडून धारेकडे जाणारा उतार किती ठेवायचा, यावर चाकूचा स्वभाव ठरतो. तीन मिलिमीटरच्या पट्टीला पाठीपासून सलग उतार दिला तर पाते पातळ आणि सर्व कामांना साजेसे होते. उलट पट्टी बरीचशी सपाट ठेवून खालच्या सुमारे सात मिलिमीटरमध्येच दोन्ही बाजूंनी बारा-बारा अंशांचा उतार दिला, तर लाकूड तासायला फार सोयीचा चाकू होतो. तो उतारच दगडावर सपाट टेकतो, त्यामुळे धार लावताना कोनाचा अंदाज घ्यावा लागत नाही. ही दुसरी पद्धत उत्तर युरोपातल्या लाकूडकामाच्या चाकूंची आहे आणि कानशीने काम करणाऱ्याला तीच सोपी जाते, कारण काढून टाकायचे पोलाद कमी असते.

कानशीचे काम भट्टीच्या आधी

कडक झालेल्या पोलादात साधा ड्रिल चालत नाही आणि कानसही चालत नाही. म्हणून बाह्याकार, उतार आणि मुठीच्या खिळ्यांची भोके हे सर्व आधीच उरकावे लागते. भोके पाडताना पट्टी हातात धरू नये. ड्रिलचे टोक पलीकडे बाहेर पडताना पट्टीत अडकते आणि पट्टी गरकन फिरते; हौशी कारागिरांच्या हाताला होणाऱ्या जखमांचे हे एक नेहमीचे कारण आहे. पट्टी पकडीत आवळूनच भोक पाडावे.

उतार दोन्ही बाजूंनी सारखा यावा, यासाठी धारेच्या कडेवर मध्यरेषा आखून घ्यावी लागते. त्याची एक जुनी युक्ती आहे. पट्टी तीन मिलिमीटर जाड असेल तर तीन मिलिमीटर व्यासाचे ड्रिलचे पाते घ्यावे आणि ते आणि पट्टी दोन्ही सपाट फरशीवर आडवी ठेवावीत. ड्रिलचे टोक बरोबर दीड मिलिमीटर उंचीवर येते. आधी मार्करने काळ्या केलेल्या कडेवर ते टोक घासत नेले की चकाकती मध्यरेषा उमटते. मग पट्टी उलटून तीच रेषा पुन्हा ओढावी. दोन रेषा एकमेकींवर पडल्या तर मध्य सापडला. शेजारी-शेजारी पडल्या तर मध्य त्या दोहोंच्या बरोबर मधे आहे. यानंतर कानस या रेषेच्या जवळ येईपर्यंत चालवायची, पण रेषेपर्यंत नाही. धारेची कड या टप्प्यावर पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवावी. त्याहून पातळ कड भट्टीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तापते, तिच्यातला कार्बन जळतो आणि विझवताना ती लाटेसारखी वाकडी होते.

पात्याचा सपाट भाग आणि टँग जिथे मिळतात, तिथे काटकोनी खाच राहू देऊ नये. ताण नेहमी टोकदार कोपऱ्यात एकवटतो आणि विझवताना चीर तिथूनच सुरू होते. गोल कानशीने कोपरा गोलसर केला की हा धोका बराच टळतो. कानशीचे खोल ओरखडेही बारीक एमरी कागदाने आधीच काढून टाकावेत; ते नंतर काढायला फार कष्ट पडतात.

भट्टीत पोलादाचे काय होते?

लोखंडाचे अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत कार्बनचे लहान अणू शिरू शकतात. नेहमीच्या तापमानाला ही रचना अशी असते की तिच्यात ०.०२ टक्क्याहूनही कमी कार्बन मावतो. उरलेला कार्बन लोखंडाशी संयोग पावून वेगळे कडक कण किंवा पातळ थर बनवतो आणि त्यांच्या आजूबाजूला मऊ लोखंड राहते. म्हणून कारखान्यातून आलेली पट्टी कानशीने घासता येते. तापमान ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लोखंडाचे अणू नव्या रचनेत मांडले जातात. या रचनेतल्या फटी मोठ्या असतात आणि तिच्यात आपल्या पट्टीतला सगळा कार्बन आरामात विरघळतो.

एखाद्या भरलेल्या सभागृहाची कल्पना करावी. सभागृह मोठे झाले, तेव्हा बाहेरचे लोक आत येऊन सगळीकडे विखुरले. आता भिंती हळूहळू आत सरकू लागल्या तर लोक दारांतून निघून बाहेर आपापले घोळके करतील आणि आत पुन्हा मोकळीक होईल. पण भिंती एकदम आत आल्या तर कुणालाच बाहेर पडता येणार नाही. माणसे जागच्या जागी अडकतील, भिंतींना रेटा देतील आणि सभागृहाचा आकारच वेडावाकडा होईल. तापलेले पोलाद सावकाश थंड झाले तर कार्बन बाहेर पडून पूर्वीसारखे थर बनवतो आणि पट्टी पुन्हा मऊ होते. ते झटकन थंड केले तर कार्बन अडकतो आणि लोखंडाची रचना ताणली जाऊन विद्रूप होते. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. हे नाव जर्मन धातुशास्त्रज्ञ अडॉल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) यांच्यावरून पडले. तिच्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरू शकत नाहीत. घसरत नाहीत म्हणून पोलाद कडक, आणि घसरू शकत नाहीत म्हणूनच ते ठिसूळ. कडकपणा आणि ठिसूळपणा इथे एकाच कारणातून येतात, हे लक्षात ठेवले की पुढचा सगळा भाग सोपा होतो.

साध्या भट्टीत तापमापक नसतो, मग ७२७ अंश ओलांडले हे कसे ओळखावे? लोहचुंबकाने. शुद्ध लोखंड ७७० अंशांना चुंबकाला ओढले जाणे सोडते. आपल्या पोलादात रचना बदलताच, म्हणजे त्याहून थोडे आधीच, ही ओढ संपते. लांब तारेला बांधलेले चुंबक पात्याला लावून पाहावे. ते चिकटेनासे झाले की आणखी थोडा रंग चढेपर्यंत, साधारण ८१५ अंशांपर्यंत, तापवावे आणि दोन-तीन मिनिटे तिथेच ठेवावे. अंधारी जागा असेल तर याहून सुंदर खूण डोळ्यांनाच दिसते. लाल होत चाललेल्या पात्यात मधेच गडद सावल्या उमटतात आणि पातळ कडेकडून जाड पाठीकडे सरकत जातात. रचना बदलताना पोलाद उष्णता शोषून घेते, त्यामुळे तो भाग काही क्षण मागे पडतो. सावली नाहीशी झाली की तिथला बदल पूर्ण झाला. हे दृश्य उन्हात दिसत नाही, आणि उन्हात लाल रंगाचा अंदाजही चुकतो. भट्टीचे काम सावलीत, पण भरपूर वारा खेळत असलेल्या जागी करण्याची पद्धत यासाठीच आहे. बंद खोलीत भट्टी पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जास्त तापवले तर जास्त कडक होईल, हा समज मात्र महागात पडतो. पोलाद सूक्ष्म कणांचे बनलेले असते आणि तापमान चढू लागले की हे कण वाढत जातात. मोठ्या कणांचे पाते कानशीला तितकेच कडक लागते, पण हलक्या दणक्यानेही मोडते. त्यामुळे विझवण्यापूर्वी पाते दोन-तीन वेळा तापवून हवेत सावकाश थंड होऊ देतात. प्रत्येक वेळी तापमान थोडे कमी ठेवतात. रचना दर वेळी नव्याने मांडली गेल्यामुळे कण बारीक होतात. त्याच पट्टीचा उरलेला तुकडा असाच तापवून, विझवून, व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या पकडीत) धरून आणि फडक्याने झाकून मोडून पाहावा. तुटलेला भाग मखमली करडा दिसला तर ठीक. चमचमणारे खडे दिसले तर आपण फार तापवतो आहोत. हा तुकडा मोडण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात याहून स्वस्त आणि प्रामाणिक परीक्षा दुसरी नाही.

पाण्यात न विझवता तेलात का?

१०८४ पोलादाला सुमारे ५४० अंशांच्या खाली यायला सेकंदभराच्या आसपासच अवधी असतो. त्याहून उशीर झाला तर कार्बन निसटायला लागतो आणि पाते ठिकठिकाणी मऊ राहते. या हिशेबाने पाणीच योग्य वाटते, कारण ते तेलापेक्षा जास्त वेगाने उष्णता खेचते. पण वेगाची गरज पहिल्या टप्प्यापुरती असते. सुमारे २०० अंशांच्या आसपास मार्टेन्साइट बनायला लागते आणि बनताना ते किंचित फुगते. पाण्यात पात्याचा पृष्ठभाग आधीच कडक होऊन बसतो आणि आतला भाग नंतर फुगतो. अशा वेळी टिचकी मारल्यासारखा आवाज येतो आणि पाते चिरते. तेल वरच्या टप्प्यात पुरेसे वेगवान आणि खालच्या टप्प्यात सौम्य असते.

खाण्याचे साधे वनस्पती तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून वापरावे. कोमट तेल पातळ असते आणि पात्याला भिडून लवकर उष्णता काढते. म्हणजे गार तेलापेक्षा गरम तेल पाते अधिक चांगले विझवते. गाडीचे जळके तेल वापरू नये, त्याच्या धुरात नको ते बरेच काही असते. तेल धातूच्या खोल भांड्यात असावे, भांडे कलंडणार नाही असे ठेवावे आणि त्यावर बसणारे झाकण हाताशी असावे, कारण तेलाने पेट घेतला तर झाकणानेच तो विझवायचा असतो. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये.

पाते टोकाकडून सरळ खाली बुडवावे आणि पुढे-मागे, धार व पाठ यांच्या दिशेनेच हलवावे. आडवे हलवले तर एक बाजू आधी गार होते आणि पाते वाकते. आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढल्यावर थोडा वाक दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. पाते हाताला सोसण्याइतके गार होईपर्यंत काही क्षण ते अजून पुरते कडक झालेले नसते, आणि जाड हातमोजे घालून तेवढ्या वेळात ते सरळ करता येते. ती वेळ टळली की जोर लावू नये.

मग कानशीची परीक्षा. वरचा काळा पापुद्रा आणि कार्बन जळालेला पातळ थर निघाल्यावर कानस पोलादात न रुतता घसरू लागते आणि तिचा आवाज चिरका होतो. रुतली, तर पुन्हा भट्टी.

कडक केलेले पाते पुन्हा मऊ का करायचे?

कारण या क्षणी ते कापण्याच्या लायकीचे नसते. धातूचा कडकपणा मोजण्याची रॉकवेल सी नावाची मोजपट्टी आहे. तिच्यात हिऱ्याचे शंक्वाकृती टोक ठरलेल्या भाराने धातूत दाबतात आणि ते किती खोल गेले यावरून आकडा काढतात. नुकतेच विझवलेले १०८४ पाते तिच्यावर ६५ च्या आसपास भरते. त्याला धार लावली तर ती पहिल्याच गाठीवर टवकेल. म्हणून पाते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवतात, गार होऊ देतात आणि पुन्हा दोन तास ठेवतात. याला टेम्परिंग म्हणतात. तेवढ्या उष्णतेत अडकलेल्या कार्बनपैकी काही अणूंना किंचित सरकण्याची मुभा मिळते, रचनेवरचा ताण उतरतो आणि पाते चिवट होते. कडकपणा ६० च्या जवळ येतो. रानातल्या दांडगाईसाठी चाकू हवा असेल तर २३० अंशांपर्यंत जावे. आकडा दोनेक अंकांनी उतरतो आणि धार टवकण्याऐवजी थोडी दबते, जी दगडावर लगेच नीट होते. बाहेरच्या चाकूसाठी मी हा दुसरा पर्याय निवडीन.

टेम्परिंग लांबणीवर टाकू नये. विझवलेल्या पात्यात इतका ताण असतो की ते रात्रभर टेबलावर पडून आपोआप चिरल्याची उदाहरणे आहेत. घरगुती ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावरही विसंबू नये. तो वीस-तीस अंशांनी सहज चुकतो. आत वेगळा तापमापक ठेवावा आणि पाते वाळूच्या ट्रेमध्ये खुपसावे, म्हणजे तापमानाचे चढउतार त्याला बाधत नाहीत.

इथून पुढे पाते पुन्हा २०० अंशांच्या वर जाता कामा नये. विजेच्या ग्राइंडरवर पातळ धार दोन-तीन सेकंदांत त्याच्या पुढे जाते आणि निळी पडते. निळी म्हणजे सुमारे ३०० अंश, म्हणजे त्या जागचे टेम्परिंग बिघडले. दर फेरीनंतर पाते पाण्यात बुडवणे आणि हातमोजे न घालता काम करणे हे त्यावरचे उपाय आहेत. बोटाला चटका बसतो तेव्हा पाते अजून सुरक्षित असते. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे तसेही नकोत, ते अडकून हात ओढला जातो. गॉगल आणि धुळीचा मुखवटा मात्र न चुकता हवा.

ठोकून घडवलेला किंवा स्टेनलेसचा चाकू अधिक चांगला नाही का?

हातोड्याने ठोकल्याने पोलाद ‘दाटते’ आणि धार बळकट होते, असे पुष्कळांना वाटते. ठोकल्याने पोलादाची घनता वाढत नाही. ठोकून घडवण्याचे फायदे वेगळे आहेत: पोलाद वाया जात नाही, जाड दांड्यातूनही हवा तो आकार काढता येतो आणि ते काम मोठ्या आनंदाचे असते. पण नीट बनवलेल्या कारखान्याच्या पट्टीतून घासून काढलेले आणि तिच्यातूनच ठोकून काढलेले पाते सारख्याच पद्धतीने तापवले-विझवले, तर कापण्यात फरक कळणार नाही. उलट प्रत्येक तापवणीबरोबर कण वाढवून ठेवण्याचा धोका घडवणाऱ्याकडेच जास्त असतो.

स्टेनलेसचे उत्तर आणखी थोडक्यात देता येते. गंज न चढण्यासाठी पोलादात किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागते आणि अशा पोलादाला हजार अंशांच्या पुढचे, नेमके राखलेले तापमान द्यावे लागते. साध्या भट्टीत ते जमत नाही. साधे कार्बन पोलाद गंजते, हे खरे. वापरानंतर पुसून तेलाचा हात फिरवला की तेवढा गंज आवरतो.

मूठ

मुठीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथली चूक दिसते आणि दुरुस्तही करता येते. लाकूड कठीण आणि पूर्ण वाळलेले असावे, नाहीतर वर्षभरात ते आकसून टँगच्या कडा हाताला बोचू लागतात. मुठीच्या दोन्ही लाकडी पट्ट्यांची पात्याकडची टोके चिकटवण्याआधीच घासून गुळगुळीत करून घ्यावीत. चिकटवल्यावर तिथे पात्याला ओरखडे न पाडता एमरी कागद पोचत नाही. टँग खरबरीत करून तेलाचा अंशही राहणार नाही असे पुसावे, इपॉक्सी हा घट्ट धरणारा गोंद लावून खिळे घालावेत आणि पकड बेताने आवळावी, कारण जास्त आवळल्याने सगळे इपॉक्सी बाहेर पिळून निघते. शिसमासारख्या लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला त्रास देते, म्हणून मुखवटा इथेही हवाच. शेवटी जवसाचे तेल लावले असेल तर ते पुसलेली फडकी गोळा करून टाकू नयेत. हे तेल वाळताना तापते आणि चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत.

धार, आणि ती बरोबर आहे हे कसे कळावे?

सलग उताराच्या पात्याला दर बाजूला २० अंशांच्या आसपास कोन द्यावा. पाते अडीच सेंटिमीटर रुंद असेल तर पाठीचा मध्य दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर धरला की हा कोन येतो. एका बाजूने घासत राहावे. पलीकडच्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीवर नखाला अडकणारी बारीक दुमडलेली कड लागली की बाजू बदलावी. नंतर दाब कमी करत ती कड झिजवून टाकावी आणि शेवटी चामड्यावर पाते उलट्या दिशेने ओढावे. असा चाकू घराबाहेर नेताना पात्याची लांबी आणि तो बाळगण्याचे कारण याविषयीचे आपल्या देशाचे नियम आधी पाहून ठेवावेत. ते ठिकठिकाणी बरेच वेगळे आहेत.

कागद कापून दाखवणे ही धारेची परीक्षा आहे, पोलादाची नव्हे. पोलादाची परीक्षा पितळेच्या गोल सळईवर होते. सहा मिलिमीटरची सळई व्हाइसमध्ये आडवी धरावी, तिच्यावर धार लावलेल्या कोनातच टेकवून बेताने दाबावी आणि उजेडात पाहावी. धार सळईवर किंचित फुगल्यासारखी लवते. दाब काढल्यावर ती पूर्ववत सरळ झाली तर कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही जमले. टवका उडाला तर पाते अजून ठिसूळ आहे; ओव्हनचे तापमान पंधरा अंशांनी वाढवून आणखी दोन तासांची एक फेरी द्यावी, टवका दगडावर घासून काढावा आणि पुन्हा दाबून पाहावे. धार वाकलेलीच राहिली तर ती फार पातळ झाली आहे की पोलादच मऊ राहिले आहे, हे कानस फिरवून ठरवावे. पोलाद मऊ निघाले तर ओव्हन काही करू शकत नाही. मूठ उतरवून पाते पुन्हा भट्टीत घालावे लागते. म्हणून ही परीक्षा मूठ बसवण्यापूर्वी, कच्ची धार लावून एकदा करून घेणे शहाणपणाचे.